दौलतमामाचा पटका

भादव्यात आमच्या घराला सडलेल्या वांग्यांचा वास यायचा. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा मळा. खालच्या गावांत विहिरींना खारं पाणी, आमच्या विहिरीला गोड. म्हणून भाजी पिकायची आणि चांगली पिकायची. पण मळा आणि सडक यांच्यामध्ये नाला होता आणि नाल्याच्या दोन्ही अंगांना काळी, चिकट माती. पावसाळा लागला की बैलगाडी आसापर्यंत रुतायची. मग बाबा आणि मी टोपल्या डोक्यावर घेऊन नाला उतरायचो, पलीकडे कुणाच्या तरी गाडीत जागा मागायचो, आणि माल मलकापूरला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असायचा. तिथला अडत्या आमची टोपली पायानं कलंडून द्यायचा. "हे वांगे हाये का खारका?" असं चारचौघांत विचारायचा. बाबा खाली बसून वांगी वेचायचे.

मी तेव्हा मलकापूरच्या कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. त्या पदवीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण ज्या जीपमुळे ती पदवी हाती आली, त्या जीपची गोष्ट निघाली की माझी मान खाली जाते. कारण त्या गोष्टीत दौलतमामा येतो, आणि दौलतमामाचं उघडं डोकं येतं.

दौलतमामा माझा सख्खा मामा नव्हे. वडनेर भोलजी हे आईचं माहेर, आणि माहेरच्या गावचा म्हणून तो आईचा दादा आणि माझा मामा. धंद्यानं बैलांचा दलाल. उंच, काटक, मिशांना तेल, आणि डोक्यावर केशरी पटका. हा पटका त्याच्या डोक्यावरून उतरलेला कोणी पाहिला नव्हता. वडनेरात लोक म्हणत, "दौलत आंघोयीलेबी पटका घालूनच बसते." मामाच्या कानावर हे गेलं की तो खूश व्हायचा. "पाह्यलं का तुम्ही? मंग काऊन बोलता? माहा पटका हाय, तुमच्या बायकोचं लुगडं नाही!"

पटक्याचं कारण होतं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक कापडाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. बाकीचे दलाल त्यासाठी रुमाल ठेवत. दौलतमामा पटक्याचा शेव, म्हणजे लोंबतं टोक, सोडायचा आणि त्याखाली हात घ्यायचा. "रुमाल खिशात राह्यते," तो म्हणायचा, "इमान डोक्यावर राह्यलं पाह्यजे." त्या शेवाखाली त्याचा हात धरला म्हणजे मालाची हमी मिळाली, असं मलकापूरपासून जळगाव-जामोदपर्यंत मानत. त्याला स्वतःलाही हे चांगलं ठाऊक होतं. नम्रपणा त्याच्याकडे नावालाही नव्हता.

लढाईच्या काळात तो मिलिटरीत ड्रायव्हर होता. तिथं जीप शिकला. पुढं मिलिटरीनं लिलावात काढलेल्या जुन्या जीपा आमच्या भागात आल्या. कापसाचे जिनवाले, ठेकेदार, मोठे शेतकरी त्या घेऊ लागले, तेव्हा लोक जीप पाहायलाही मामालाच न्यायला लागले. तो जीप अगदी बैलासारखीच पाहायचा. आधी बराच वेळ तिच्याकडे पाठ करून बसायचा, चहा प्यायचा, मालकाच्या गप्पा ऐकायचा. "मालक ज्याच्याबद्दल बोलत नाही, तठीच रोग असते," हे त्याचं म्हणणं. मग उठून थेट जीपच्या पोटाखाली शिरायचा. पटका घालूनच. मान वाकडी करून, पटक्याला चिखल लागू न देता तो खाली कसा सरकायचा ते पाहायला पोरं जमायची.

पोटाखाली तो एकच वस्तू शोधायचा. गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला एक लोखंडी डबा असतो. इंजिनाची ताकद तो पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देतो. त्याच्या दोन लहान काठ्या ड्रायव्हरच्या हाताशी असतात: एक पुढची चाकं जोडायला आणि दुसरी चाल अगदी हळू पण जोरदार करायला, म्हणजे चिखलात किंवा चढ-उतारावर 'लो' टाकायला. मिस्त्री लोक त्याला ट्रान्सफर म्हणत. मामा त्याला जू म्हणायचा. "इंजिन कोनबी बांधून देते बे. पुढची जोडी अन् मांगची जोडी ह्या जुवानं बांधली हाय. जू गेलं का चार चाकं असून दोन चाकाची झाली."

कॉलेजच्या सुट्टीत मी वडनेरला जायचो. तिथंच त्यानं मला जीप चालवायला शिकवली. एकदा नांदुऱ्याच्या एका जिनवाल्याची जीप आली, नव्या रंगात चकाकणारी. मामानं खाली शिरून ट्रान्सफरमधून निघणारा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि वर-खाली हलवला. "गोल थोडा फिरला तं फिरू दे. वर-खाली हलला नाही पाह्यजे. दात हलतो तसं." मग बूच ढिलं करून बोटावर तेल घेतलं आणि उन्हात धरलं. अंगठ्यानं चोळून पाहिलं. पिवळी चमक दिसली की समजायचं, आतलं पितळ झिजतं आहे. इथं चमक नव्हती. जिनवाला हसला, "झालं ना मंग?"

"आता कुठी?" मामा म्हणाला. "हे तं बसल्या जनावराचं पाह्यलं."

त्यानं जीपमध्ये सरकीची पोती भरायला लावली आणि मला पूर्णेच्या काठी नेलं. लो टाकून चढ चढायला लावला. जीप गुरगुरत चढली. मी खुशीत मामाकडे पाहिलं.

"चढ सगळेच चढते," तो म्हणाला. "उतार सांग."

मग त्याच उतारावरून खाली. "पाय काढ. ब्रेकले हात नको लावू... पाय, पाय म्हनतो! तिले तिच्या दातानं उतरू दे." तो लोच्या काठीवर फक्त बोट टेकवून बसला होता, पोराच्या कपाळावर ताप पाहावा तसं. निम्म्या उतारावर काठी आपोआप उसळून मागं आली आणि जीप सैल सुटली. मी घाबरून ब्रेक दाबला. मामा मात्र आनंदानं ओरडला, "पाह्यलं! उतारावर जू टाकते लेकाची!"

त्याचं सगळं शास्त्र यात आलं. भरल्या गाडीचा बैल चढावर जोर करतो हे कोणीही पाहतं. पण उतारावर गाडी मागून ढकलायला लागली की जो मान ताठ करून तिला अडवून धरतो तो खरा बैल. तिथं जू टाकणारा बैल मालकाला मारतो. जीपचंही तसंच. म्हणून ओझ्याची परीक्षा झाल्याशिवाय मामानं कुठल्या जनावराला कधी 'पास' म्हटलं नव्हतं, आणि कुठल्या जीपलाही नाही.

एकदा सोडून. ती आमची.

आमच्या वरच्या अंगाला तलावाचं काम चाललं होतं. ते संपलं आणि ठेकेदार मुक्काम हलवायला निघाला. त्याला जीप विकायची होती. बाबांच्या डोक्यात ती बसली. जीप नाला ओलांडू शकेल, ताजी भाजी त्याच दिवशी मलकापूरला जाईल, अडत्या टोपलीला पाय लावणार नाही. घरात विकण्याजोगं एकच होतं: आमची बैलजोडी, चांद्या आणि गुल्या. पोळा जवळ आलेला, आणि आमच्या गावच्या पाटलाला मिरवायला देखणी जोडी हवी होती. बाबांनी कासरे त्याच्या गड्याच्या हातात दिले. घरी येऊन रिकाम्या गोठ्यात उगाच झाडू मारत बसले.

ठेकेदारानं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरबरोबर जीप आमच्या अंगणात पाठवली. निरोप असा, की उद्या दिवस मावळायच्या आत काय ते सांगा, नाहीतर जीप त्याच्याबरोबर जाईल. बाबांनी लगोलग दौलतमामाला सांगावा धाडला.

त्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असतात. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची, गरम शेक द्यायचा, आणि हात जोडून त्यांना आवतण द्यायचं: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आईनं सवयीनं लोणी काढून ठेवलं होतं. गोठा रिकामा. ती वाटी हातात घेऊन थोडा वेळ दारात उभी राहिली आणि मग सरळ जीपपाशी गेली. पुढच्या बंपरच्या लोखंडी दांड्याला तिनं लोणी-हळद चोळली, फडक्यानं शेकलं, आणि हात जोडून आवतण दिलं. ठेकेदाराचा ड्रायव्हर तोंड फिरवून हसत होता. आम्ही कोणी हसलो नाही.

मामा सकाळी आला. नेहमीसारखा जीपकडे पाठ करून चहा प्यायला. खाली शिरला, दांडा हलवला, तेल उन्हात धरलं. सगळं ठीक निघालं. बाहेर येऊन त्यानं मिशीवरून हात फिरवला. "भाचेबुवा, भरा मांगं मातीचे पोते. नाल्यावर जाऊ."

आई पुरणाचा हात तसाच घेऊन बाहेर आली. "दादा, आज नोको."

"काय नोको?"

"वझं. आज पोळा हाय."

"अवो बाई, हे लोखंड हाय! लोखंडाले काय सन?"

"म्या काल खांद शेकलं तिचं. आवतन देलं. जेवाले बोलावलं अन् आता मातीचे पोते घालू का तिच्या पाठीवर?"

मामा हसणार होता, पण हसला नाही. "आवतन देलं?"

"देलं."

"तोंडानं म्हनलं?"

"हात जोडून म्हनलं."

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर काडी ठेवत नाहीत, आणि मामाचं तर सारं आयुष्य बैलांत गेलेलं. मिलिटरीत असतानाही पोळ्याच्या दिवशी त्याला न चुकता जुलाब व्हायचे आणि तो गाडीला हात लावायचा नाही, असं तोच सांगायचा. बाबा म्हणाले, "तुम्हीच सांगा काय ते." मामानं आईकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं.

"आवतन देल्लं जनावर," तो म्हणाला. "आता कसं जुपाचं?"

आणि ओझ्याची परीक्षा राहिली.

दुपारी मारुतीपुढं तोरणाखाली गावचे बैल उभे राहिले. सगळ्यात पुढं पाटलाची जोडी, म्हणजे आमचे चांद्या आणि गुल्या, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. रांगेच्या शेवटी आमची जीप. आईनं गेरूचे पंजे उमटवले होते, घुंगरमाळ बांधली होती. बाबांना मोकळ्या हातानं चालवेना, म्हणून त्यांनी जीपच्या पुढच्या दांड्याला कासरा बांधला आणि तो धरून पुढं चालले. मी आत बसून पावलापावलानं जीप नेत होतो. कॉलेजची पँट घातली होती मी. ती घाणेरडी असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

पाटलानं मोठ्यानं विचारलं, "काय दौलत, कसं काय जनावर?"

सारं गाव ऐकायला पुढं सरकलं. मामानं पटक्याचा शेव खांद्यावर टाकला. "पास! दौलतची जबान हाय!"

मग झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात एकमेकांना टोचून पदं म्हणायची चाल आहे. पाटलाचा पुतण्या पुढं सरसावला:

"चार चाकाचा नंदी, प्याले मांगते तेल,
शिंग नाही, शेपूट नाही, याले म्हनते बैल!
हर बोला हर हर महादेव!"

गाव हसलं. बायकाही पदरात हसल्या. बाबा कासरा धरून हसल्यासारखं करत उभे राहिले. मामानं उलट झडती हाणली, ती इथं लिहिता येण्यासारखी नाही. पण त्या हसण्यात ती बुडून गेली. संध्याकाळी ठेकेदाराच्या ड्रायव्हरला पैसे पोचले आणि जीप आमची झाली.

पाऊस थोडा उघडल्यावर आम्ही पहिली खेप भरली. वांगी, गवार, हिरव्या मिरच्या. मागं टोपल्यांवर बाबा. निम्मं गाव नाल्यावर पाहायला आलेलं. मी पुढची चाकं जोडली, लो टाकला आणि मामानं शिकवल्याप्रमाणे पाय काढून उतारावर जीप सोडली. ती दातानं दातानं उतरू लागली. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात काठी उसळून मागं आली.

ब्रेक होते, पण त्या मातीत चाकं थांबली तरी जीप थांबली नाही. ती घसरत नाल्यात गेली आणि कुशीवर आडवी झाली. मी खरचटलो, बाबांचा गुडघा फुटला. टोपल्या पाण्यावर गेल्या. जांभळी वांगी वाहत चालली होती आणि काठावरची पोरं ती पकडायला धावत होती.

जीप बाहेर काढायला बैल हवे होते. पाटलाचा गडी जोडी घेऊन आला. त्यानं किती हाकारलं तरी बैल त्या चिखलात पाय घालेनात. मग बाबा लंगडत पुढं झाले आणि हळूच म्हणाले, "चाल रे गुल्या. चाल बापा." बैलांनी कान हलवले आणि उतरले. आमच्या विकलेल्या बैलांनी आमची विकत घेतलेली जीप ओढून काढली. त्या वेळी गावात कोणी हसलं नाही. हसले असते तर सोसलं असतं.

मामाला कळलं आणि तो आला. घरी आला नाही, सरळ चावडीवर गेला. पाटील होता, गावकरी होते, बाबा आणि मी होतो. मामा चावडीच्या पायरीखाली उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हातांनी पटका उचलला. आत सगळे केस पांढरे होते. आम्हाला कोणालाच ते माहीत नव्हतं.

"माह्या जबानीनं खोटा माल पास झाला," तो म्हणाला. पटका त्यानं पायरीवर ठेवला.

पाटील म्हणाला, "अरे पन तू तं वझं घालून पाह्यते म्हनते लोकं. हे काऊन नाही पाह्यलं?"

बाबांनी मान खाली घातली. मी उठून उभा राहिलो. "पाटील, त्या दिवशी घरी..."

"खाली बस बे!" मामा माझ्यावर ओरडला. असा तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. "शिकला म्हनून समदंच बोलाचं नसते. नाही पाह्यलं म्हनजे नाही पाह्यलं. माहा आळस."

परतताना वाटेत, पटका काखेत मारून, त्यानं माझा दंड धरला. "चावडीवर बहिनीचं नाव निघत नाही. तू तोंड उघडलं अस्तं तं उद्या गाव म्हनलं अस्तं, बाईच्या सनापायी घर बुडालं. जलमभर म्हनलं अस्तं. मले काय, मी वडनेरचा. अठी कोन रोज राह्यते?"

आई स्वयंपाकघरात बसून होती. तिला सगळं कळलं होतं. तिनं त्याला भाकरी वाढली आणि तो उघड्या डोक्यानं जेवला. तिनं वर पाहिलं नाही.

मग मामा काही दिवस आमच्याकडेच राहिला. अंगणातल्या निंबाखाली त्यानं ट्रान्सफर उतरवला आणि उघडला. आतल्या लो गिअरच्या दातांच्या कडा गोल झाल्या होत्या. "हे पाह्य. म्हाताऱ्या बैलाचे दात. ओढताना धरते, ढकललं का निसटते. वरून तेल साफ, दांडा घट्ट. ठेकेदारानं तेल बदललं असन. वझं घातलं अस्तं तं नाल्यावर पाच मिनिटात सांगतलं अस्तं मले." हे तो मला सांगत होता. आई दारात आलेली पाहिली आणि त्यानं विषय बदलला.

तो मलकापूरला गेला, भंगारवाल्यांच्या ढिगांत दिवस घालवले, आणि चांगल्या दातांचे गिअर घेऊन आला. तेलात भिजलेले ते गिअर त्यानं केशरी पटक्यात गुंडाळून आणले होते. मी पाहतच राहिलो. "काय पाह्यतं? कापडच हाय आता," तो म्हणाला आणि पटका निंबाखालीच टाकून दिला.

त्यानं ट्रान्सफर बांधला. जीप मातीच्या पोत्यांनी गच्च भरली, मला खाली उतरवलं, आणि एकटा नाल्याचा तो उतार उतरला. परत चढला. परत उतरला. दिवसभर हेच. काठी हलली नाही. दुसऱ्या सकाळी आमची भाजी मलकापूरला पोचली तेव्हा वांग्यांवर दव होतं. अडत्यानं टोपली हातानं उचलून घेतली.

आमचं चांगलं झालं. त्याचं बुडालं. पटका नाही म्हणजे शेव नाही, आणि शेव नाही म्हणजे बाजारात त्याच्या हातात हात द्यायला कोणी येईना. मी वडनेरवरून जीप नेताना तो सडकेच्या कडेला पांढऱ्या डोक्यानं बसलेला दिसायचा. दुसरे दलाल मुद्दाम विचारायचे, "काय दौलत, ऊन लागून राह्यलं का?" मी थांबायचो. तो माझ्या कॉलेजचं विचारायचा नाही, घरचं विचारायचा नाही.

"उतारावर धरते ना?"

"धरते, मामा."

"बस्स मंग. जाय, भाजी सुकन."

मागं भाजी, पुढं कॉलेज, आणि मधे तो. त्या गावावरून जाताना मला जीपचा भोंगा वाजवायची लाज वाटायची.

पुढच्या पोळ्याला आईनं त्याला आवतण पाठवलं. तो आला. तोरणाखाली बैल उभे राहिले, आणि जिला गावच्या पुरुषांनी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं ती माझी आई गर्दीतून पुढं आली. हातात धुतलेला केशरी पटका. तेलाचे डाग गेले नव्हते.

"पाटील," ती म्हणाली, "मांगच्या साली दादा वझं घालत होते. म्या घालू देल्लं नाही. मी आवतन देल्लं होतं. समद्या गावापुढं सांगतो. दोष माहा हाय." तिनं पटका दोन्ही हातांनी पुढं धरला. "सालभर मी गप बसली. दादा, घ्या हा."

बाबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "माहाबी," एवढंच म्हणाले.

कोणी झडती म्हटली नाही. पाटील मारुतीच्या ओट्यावरून उतरून खाली आला. "बांध रे दौलत. झालं ते झालं."

मामानं पटका हातात घेतला, पण डोक्याला लावला नाही. "बाईची काई चूक नाही. तिनं सन पाळला. मीबी पाळला. पन पाटील, तुम्ही मले अठीच इचारलं होतं, कसं काय जनावर. मले म्हनता येत होतं का भाऊ, दांडा पाह्यला, तेल पाह्यलं, वझं नाही पाह्यलं. येवढंच म्हनाचं होतं. समदं गाव ऐकून राह्यलं होतं, अन् मले 'पास' म्हनाची हौस आली." त्यानं पटका आईच्या हातात परत दिला. "तुह्यापाशी ठेव. ही हौस जाईपर्यंत."

त्यानंतर तो पुन्हा बाजारात उभा राहिला, बोडक्या डोक्यानं. कापडाखाली हात घेणं त्यानं सोडलं ते सोडलंच. बैल असो की जीप, सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचा, आणि सुरुवात एकाच गोष्टीनं करायचा: आपण काय पाहिलेलं नाही. "न पाह्यलेलं आधी सांगतो, मंग पाह्यलेलं." आधी लोक हसले. मग हळूहळू त्याच्याकडेच येऊ लागले. पण बढाई मात्र कमी झाली नाही. "आख्ख्या वऱ्हाडात माह्यासारखं उघडं डोकं दाखवा!" म्हणायचा.

मी नागपूरला जाऊन समारंभात पदवी घेतली आणि भाड्याचा झगा-टोपी घालून फोटो काढला. तो त्याला दाखवायला वडनेरला गेलो. त्यानं फोटो तेलाच्या थेंबासारखा उन्हात धरून बराच वेळ पाहिला. मग टोपीवर बोट ठेवलं.

"तुह्या डोक्यावर आलं," तो म्हणाला. "बेस झालं."

त्याच्या मनात काही टोमणा नव्हता. तो तसा माणूस नव्हता. पण तो फोटो मी आजवर भिंतीवर लावलेला नाही.

त्याच्या शेवटच्या आजारात आई वडनेरला जाऊन राहिली. पटका बरोबर नेला होता. रोज विचारायची, "दादा, बांधू का?" तो म्हणायचा, "थांब, हौस गेली नाही आजून." आणि हसायचा. गेला त्या दिवशी तिरडी बांधायच्या आधी आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या हातानं पटका बांधला. शेव मोकळा सोडून त्याच्या हातावर आणला. बाजारातले दलाल आले होते, त्याला टोचून बोलणारेही. ते एकेक करून पुढं आले आणि त्या शेवाखाली हात घालून त्याच्या हाताला लावून गेले. मीही घातला. हात गार होता.

आमच्या नाल्यावर नंतर पूल झाला. माझ्या पाठची दोन भावंडंही शिकली. बाबांना पुन्हा कुणापुढं खाली बसून वांगी वेचावी लागली नाहीत. जीप आम्ही फार उशिरा विकली. विकताना गिऱ्हाइकाला आधी काय पाहिलेलं नाही ते सांगितलं, आणि मग तिला मातीच्या पोत्यांनी भरून नाल्याच्या जुन्या उतारावर नेलं. काठी हलली नाही. मामानं बांधल्यापासून ती उतारावर एकदाही सुटली नव्हती.